त्रंबक मास्तरांची न्हाणातली हिंदी

शेजाऱ्याच्या न्हाणीला लागून ज्याचा ओटा आहे असं घर माणसाने घेऊ नये. मी घेतलं, कारण बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात तेव्हा दुसरं मोकळं घर नव्हतं आणि मला ओटा पाहिजे होता. मी केळीचा दलाल. माझा सगळा धंदा ओट्यावर चाले. सकाळी चहा झाला की बाहेरगावचे व्यापारी येऊन बसत, रुमाल टाकला जाई, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरे. भाव बोटं ठरवतात हे खरं, पण समोरच्याला बोट दाबायला लावते ती जीभ. आणि माझ्या जिभेची वाट त्रंबक मास्तरांनी लावली. आज या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली, तरी मास्तरांची आठवण निघाली की लोक हात जोडतात आणि मला राग येतो. दोन्ही गोष्टी त्या माणसाला शोभतात.

आमच्या दोन घरांमध्ये बांबूचा तट्ट्या होता. तट्ट्याच्या पलीकडे मास्तरांची न्हाणी, म्हणजे उघड्यावरची फरशी, एक चुलाणं आणि त्यावर पाण्याचा हंडा. रोज सकाळी, गल्लीतले माग खडखडायला लागायच्या सुमाराला, मास्तर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाटावर बसत, पाय लांब करत, आणि त्या दोन पायांवर नातीला आडवी घालून तिला न्हाऊ घालत. पन्नाशी उलटलेला पुरुष, मराठी शाळेचा हेडमास्तर, आणि हे काम. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुरुष तर उघडच बोलायचे. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. घरात दुसरं कोणी नव्हतंच. बायको, जिला सगळे माई म्हणत, तिची मनगटं संधिवाताने गेलेली. मुलगा रेल्वेत, इटारसीकडे. सून सुशीला मुलींच्या शाळेत शिकवायची, तिची शाळा सकाळची. सव्वा महिना न्हाऊ घालणारी बाई आली आणि मग ती दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली. त्या बाईचं पाहून पाहून मास्तर शिकले. शिकले म्हणजे असे शिकले की तेल किती, पाणी किती, कानामागे बोट कसं फिरवायचं, याचं त्यांनी टाचणच काढलं असेल. नात, म्हणजे बेबी, त्यांच्या पायांवर रडत नसे. हे मी कबूल करतो. मी खोटं बोलतो ते फक्त ओट्यावर.

न्हाऊ घालणारी बाई गायची, म्हणून मास्तरही गायचे. तिथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. आवाज बरा होता, चाल न्हाणाचीच होती, संथ. भानगड झाली ती शब्दांची, आणि शब्दांची भानगड झाली ती सरकारामुळे.

तोवर आमचं सरकार नागपूरला होतं. तिथे मराठी चाले आणि हिंदीही चाले. मग राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर-वऱ्हाड तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो आणि सरकार भोपाळला जाऊन बसलं. मला काही फरक पडला नाही. केळ्याला सरकार कळत नाही, ते वेळेवर पिकतं. मास्तरांना पडला. कागद आला की मराठी शाळांतल्या जुन्या मास्तरांनी हिंदीची परीक्षा द्यावी. तीनदा बसता येईल. तिन्ही वेळा जो गळेल त्याला शहरातून काढून टोकाच्या एखाद्या खेड्यात पाठवतील. मास्तरांच्या बाबतीत ते खेडं देडतलाई असणार हेही कचेरीतल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. देडतलाई म्हणजे खकनारच्याही पुढे, तेव्हा दिवसाला एक बस, तीही धडपणी येईल तर. तिकडून रोज सकाळी परत येऊन नातीला न्हाऊ घालणं शक्य नव्हतं. म्हणजे प्रश्न नोकरीचा नव्हता, नोकरी राहणार होती. प्रश्न त्या पाटाचा होता. मास्तर तसं बोलून दाखवत नसत, पण पहिल्या कागदाच्या दिवशी मला म्हणाले, "नथूभाऊ, हे पोर आत्ता कुठं माझा आवाज ओळखायला लागलंय."

मास्तरांना अभ्यासाला वेळ फक्त सकाळचा. दिवसभर शाळा, संध्याकाळी माईच्या वाटचा स्वयंपाक. तेव्हा त्यांनी न्हाण आणि अभ्यास एकात घातला. मराठी माणसाला हिंदी सगळी येते, फक्त कोण बाई आणि कोण बुवा ते येत नाही. मास्तरांनी ते गाण्यात बसवलं. बेबीचा जो अवयव हातात, त्याची ओळ.

"नाक मेरी गं, कान मेरा,
आँख मेरी गं, गाल मेरा,
जीभ मेरी गं, दाँत मेरा,
दाँत आला नाही अजून, तरी मेरा."

मग पालथं घालून, "पीठ मेरी गं," आणि पुन्हा उताणं करून, "पेट मेरा." रोज. एक दिवस खाडा नाही. ताप असला तरी कानटोपी घालून बसत आणि गात.

त्यांना हे सगळं मनापासून पटलेलं होतं, हाच त्यांच्याशी बोलण्यातला त्रास. एकदा मी तट्ट्यावरून म्हटलं, मास्तर, हिंदीत नपुंसकलिंग नाही म्हणतात, बरं झालं, एक काम कमी. हातातला तांब्या खाली ठेवून त्यांनी मला समजावलं.

"कमी नाही, वाढलं. आपली ती सगळी 'ते' आता कुठं जाणार? ते घर, ते पुस्तक, ते दुकान, ते नाक. वाटणीत सगळी बेघर झाली. एकेकाला हाताला धरून कुठल्या तरी घरात नेऊन घालायचं. घर पुरुषांत गेलं. पुस्तक बायकांत गेलं. नाकही बायकांत गेलं. का, ते कोणी सांगत नाही." मग बेबीकडे बघून म्हणाले, "आपल्याकडं ही अजून 'ते बाळ' आहे. दुडदुडायला लागेपर्यंत तिला 'ते' राहता येतं. तिकडं पहिल्या दिवशीच विचारतात, बच्चा की बच्ची."

माझे दोन व्यापारी खोळंबलेले होते आणि हा माणूस नाकाच्या पुनर्वसनावर बोलत होता.

खिशात नेहमी खडू. जी वस्तू अडचणीची वाटेल तिच्यावर 'का' किंवा 'की' लिहून ठेवायची सवय. त्यांच्या घरात चुलीपासून आरशापर्यंत सगळ्यांच्या कपाळी काही ना काही लिहिलेलं. सुशीलाने पोतेरं फिरवलं की ते पुन्हा लिहीत. एक दिवस सकाळी मी दार उघडतो तर माझ्या दारावर, बाहेरून, हातभर उंच 'की'. आमच्या मंडळीने ते पाहिलं आणि तिला वाटलं घरावर कोणी करणी केली. ती लिंबू-मिरची आणायला निघाली. मी तट्ट्यापाशी जाऊन ओरडलो. मास्तर शांतपणे म्हणाले की दारावर नाही, दुकानावर लिहिलंय, तुमचं दुकान तुमच्या दारातच आहे ना, दुकान स्त्रीलिंगी, तुम्ही नेहमी चुकता. लोकांचं दार रंगवून वर चूकही माझीच.

आता माझ्या हिंदीबद्दल सांगतो. ती मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. वखारीत घड उचलायला लागलो तिथे शिकलो, बैलगाड्यांच्या रांगेत शिकलो, शिव्या खाऊन शिकलो. वीस वर्षं मी दिल्लीच्या, कानपूरच्या माणसांना ती हिंदी ऐकवली आणि त्यांच्याकडून हवा तो भाव काढला. चूक की बरोबर हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. घोडा धावताना पाय मोजत नाही. मास्तरांच्या गाण्याने मी पाय मोजायला लागलो. बोलता बोलता मध्येच जीभ अडे. अच्छा की अच्छी? आया की आई? आणि सौद्यात जो क्षणभर थांबला तो गेला. समोरचा ते थांबणं ऐकतो. त्याला वाटतं, हा भावावर थांबला. तो बोट सोडतो.

तरी हे मी सहन केलं असतं. तारेचं मात्र मी आयुष्यात विसरणार नाही.

कानपूरकडचे एक लाला तेव्हा नेमाने येत. जाडजूड, मिशीवाले, हसरे, आणि आतून माझ्याइतकेच पक्के. त्या दिवशी ते माझ्या ओट्यावर बसलेले. सौदा अगदी टोकाला आलेला. मी ठेवणीतला डाव काढला. गंभीर तोंड करून म्हणालो की लालाजी, तुम्हाला माल द्यायची इच्छा फार आहे, पण काय करू, दिल्ली से तार आई है, तिकडचे सगळाच्या सगळा मागतात. असली कुठली तार आलेली नव्हती. लालांना ते माहीत नव्हतं. रुमालाखाली त्यांचं बोट हललं. आणि तेवढ्यात तट्ट्यापलीकडून, पाण्याच्या आवाजात, संथ चालीत आलं:

"चिट्ठी आई गं, आया नहीं,
तार आया गं, आई नहीं."

मास्तरांनी माझं वाक्य ऐकलं होतं, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्याची लगेच नवी ओळ केली होती. तार ही मराठीत बाई, हिंदीत बुवा, एवढंच त्यांना बेबीला सांगायचं होतं. पण लालांच्या कानावर पडलं ते शेवटचं. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. मास्तर ओळ तीनदा म्हणत, पाठ व्हावी म्हणून. तार आया, आई नहीं. तार आया, आई नहीं.

लाला मला म्हणाले, "सेठ, आपके पड़ोसी तो कह रहे हैं कि नहीं आई."

मी काय सांगणार? व्याकरण सांगू? माझा चेहराच सगळं सांगून बसला. लाला हसायला लागले ते थांबेनात. पोट धरून हसले. मग उठून तट्ट्यापाशी गेले, वरून वाकून बघितलं, पाटावर मास्तर, पायांवर बाळ, शेजारी खडूने 'का' लिहिलेला हंडा. त्यांनी मास्तरांना नमस्कार केला आणि गाणं पुन्हा म्हणायला लावलं. मास्तरांनी पहिल्यापासून म्हणून दाखवलं. मी ओट्यावर एकटा रुमाल घेऊन बसलेलो.

त्या दिवशी संध्याकाळी मी मास्तरांना गाठून वाटेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण नथूभाऊ, तार आली होती का?"

नाही, म्हटलं.

"मग दोन्ही अर्थांनी बरोबर होतं," ते म्हणाले, आणि खरोखर आनंदाने म्हणाले.

पहिल्या परीक्षेत ते गळले. तोंडी परीक्षेत 'मेरा नाक' म्हणून गेले. बेबी पायांवर नसल्यामुळे आठवलं नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या वेळी आठवावं म्हणून त्यांनी खुर्चीवर पाय ताणले, मांडीवर हळूहळू थापटायला लागले आणि गुणगुणायला लागले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय. पुन्हा गळले. शहरातल्या बाकीच्या मराठी मास्तरांनी, ज्यांना यांच्या पावपट हिंदी येत होती, काहीबाही बोलून परीक्षा काढून टाकली होती. ते येता-जाता यांना विचारत, काय मास्तर, नाक सापडली का?

तिसरी वेळ शेवटची. सुशीला एक दिवस आमच्या मंडळीशी बोलून गेली. रडली वगैरे नाही ती, पण म्हणाली की मामंजी गेले तर मला शाळा सोडावी लागेल, आणि शाळा सोडायचं दुःख नाही, पण मामंजी त्या खेड्यात एकटे काय करतील? सकाळी उठून कोणाला हाक मारतील? मंडळीने ते मला सांगितलं आणि वर म्हणाली, "तुमी येवढे शेठ बनून फिरता, शेजाऱ्याचं येक काम होत नाही तुमच्यानं?"

झालं. मला कोणी असं म्हटलं की मी पेटतो. मी चौकशी केली. या वेळचे साहेब कानपूरकडचे, आणि आमच्या लालांच्या गावचेच निघाले. लाला बुऱ्हाणपुरातच होते. मी त्यांना भेटलो. देणंघेणं काही नाही, फक्त शब्द टाकायचा होता. मास्तरांचं नाव काढताच लाला खुलले. तार आया, आई नहीं, म्हणून आधी हसून घेतलं आणि मग त्या साहेबांना जाऊन भेटले. परत येऊन म्हणाले की साहेब भला माणूस आहे. म्हातारे मास्तर आहेत, सांभाळून घेतो म्हणाला. घरातलं साधं काही विचारेन. चार वाक्यं बोलायला सांगा आणि घरी न्या.

इतका स्वच्छ सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही. सगळ्यांचं भलं होतं आणि कोणाचं काही जात नव्हतं. मास्तरांना मी यातलं काही सांगितलं नाही, कारण त्यांना सांगितलं असतं तर ते गेलेच नसते. परीक्षेच्या दिवशी त्यांना टांग्यात घालून मी स्वतः घेऊन गेलो. परीक्षा एका शाळेच्या वर्गात होती. खिडकीजवळच्या व्हरांड्यात मी बसून राहिलो. माल गाडीत चढेपर्यंत मी कधी जागा सोडत नाही.

साहेब खरंच भला होता. पाणी विचारलं, नातीची चौकशी केली. मास्तर 'मेरी पोती' म्हणाले, बरोबर म्हणाले. मग साहेबांनी विचारलं, आज सकाळी काय खाऊन आलात? मास्तर म्हणाले, रोटी और दही. मला हायसं वाटलं. मी टांगेवाल्याला हाताने खूण केली की झालंच.

साहेब हसत म्हणाले, "अच्छा, दही कैसी थी?"

मास्तरांनी मान वर केली. मी खिडकीतून पाहिलं. चेहरा असा, की जणू वर्गात एखाद्या हुशार पोराने चुकीचं उत्तर दिलंय.

"साहब," ते म्हणाले, "दही कैसा था."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते म्हणाले की आमच्याकडे सगळे दही खट्टी होती है असंच म्हणतात. ते खरंच आहे, बुऱ्हाणपुरातही सगळे तसंच म्हणतात, मी जन्मभर तसंच म्हणत आलो. मास्तर म्हणाले की म्हणत असतील, पण कोशात पुल्लिंग आहे. साहेब म्हणाले, कोश राहू द्या. मास्तर म्हणाले, माझ्याजवळ आहे. आणि त्यांनी खरोखर पिशवीतून कोश काढला.

खिडकीबाहेर मी कपाळावर हात मारून घेतला.

तरी साहेबाने सोडलं नव्हतं. लालांना शब्द दिलेला होता. कोश न उघडताच बाजूला सारून तो म्हणाला, "चलिए मास्टरजी, दोनों चलता है. आप एक बार खट्टी कह दीजिए, बात ख़तम."

सौदा पुढे केला होता त्याने. समोर ठेवला होता. इतकं सोपं बोट मला कोणी कधी दिलं नाही. एक ईकार. उच्चारायला श्वासही लागत नाही. मी व्हरांड्यातून ओठांनी म्हणून दाखवत होतो, खट्टी, खट्टी. मास्तरांनी मला पाहिलं. नक्की पाहिलं. मग साहेबाकडे वळून, हात जोडून, अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहब, दही खट्टा होता है."

परतताना मी टांग्यात काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अहो, म्हटलं, दही काय तुमच्या बापाचं होतं? लोक जमिनी सोडतात, तुम्हाला एक अक्षर सोडवेना? लालांच्या शब्दाचं, माझ्या खटपटीचं, सगळंच ओकून टाकलं. मास्तर कोश मांडीवर धरून बसले होते. सगळं ऐकल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण माझ्यासाठी. तुम्ही एवढं केलंत, म्हणाले. मग शनवाऱ्याच्या वेशीपाशी टांगा थांबला तेव्हा हळूच म्हणाले:

"तसं नाही नथूभाऊ. न्हाणं झालं की पंच्यात गुंडाळताना मी तिला जेवणाची ओळ म्हणतो. दूध मीठा, दही खट्टा. आज सकाळीच म्हटली. खट्टी म्हणून आलो असतो, तर उद्या सकाळी तिला काय म्हणू?"

उद्या सकाळी काय म्हणू म्हणून हा माणूस भांडला, आणि सगळ्या उद्याच्या सकाळीच घालवून बसला. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. ते म्हणाले, हो, ते आलं माझ्या लक्षात. पण उशिरा आलं.

पंधरा दिवसांत हुकूम आला. जायच्या दिवशी पहिल्या बसच्या आधी त्यांनी बेबीला न्हाऊ घातलं, नेहमीचं सगळं, एकही ओळ न गाळता. मग पत्र्याची पेटी घेऊन गेले. सुशीलाने शाळा सोडली. ती बेबीला न्हाऊ घालायची ते झटपट आणि मुकाट्याने, तिला गाणं येत नव्हतं. माझा ओटा शांत झाला. मला बरं वाटलं असं मी सगळ्यांना सांगत असे. पण माझी जुनी हिंदी काही परत आली नाही. जीभ अडायची ती अडायचीच, फक्त आता पलीकडून उत्तर येत नसे. मंडळी म्हणायची, तुमी ओट्यावर बसल्या बसल्या तट्ट्याकडं काय बघता? मी तिला म्हणायचो, गप्प बस.

मास्तर सुरुवातीला दर रविवारी येत. शनिवारी रात्रीपर्यंत पोचायचं, रविवारी सकाळी पाटावर बसायचं, दुपारच्या बसने परत. मग पावसात रस्ता बंद पडला, मग माईच्या औषधापाण्याचं निघालं, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. दर खेपेला बेबी थोडी लांब झालेली. एका खेपेला ती पायांवर मावेना. पुढच्या खेपेला तिने पाटावर बसायलाच नकार दिला आणि उघडीच गल्लीत पळाली. मास्तर ओला हात तसाच धरून बसलेले मी तट्ट्यावरून पाहिले. बोलण्यासारखं सगळं मी टांग्यात बोलून चुकलो होतो.

नोकरी संपवून ते कायमचे परत आले तेव्हा बेबी पाच वर्षांची होती. मीही तोवर मंडीजवळ घर बांधलं होतं आणि लोधीपुरा सोडणार होतो. ते सांगायला म्हणून एका सकाळी त्यांच्याकडे गेलो. मास्तर वाळले होते. केस सगळे पांढरे. बेबी शेजारी बसून जेवत होती. गल्लीतल्या पोरांत वाढलेली पोर, आईशी मराठी, बाहेर हिंदी, आणि आजोबांशी जे तोंडात येईल ते. सुशीलाने मला चहा दिला. मास्तर पोरीच्या वाटीत वाढत होते.

तिने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आजोबा, दही खट्टी है."

मी कप खाली ठेवला. मास्तरांकडे पाहिलं. ज्या माणसाने साहेबासमोर पिशवीतून कोश काढला, एका अक्षरासाठी जो जंगलाच्या तोंडाशी जाऊन राहिला, तो आता काय बोलतो ते मला ऐकायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. क्षणभर थांबले. ते थांबणं मी ओळखतो. वीस वर्षं मी त्याचीच वाट बघून पोट भरलं.

"खट्टी आहे का गं?" ते म्हणाले. "थांब, साखर घालू."

माझा तोल गेला. मास्तर, म्हटलं, खट्टी? आत्ता खट्टी? तेव्हा हेच एकदा तिथे...

त्यांनी हातानेच मला थांबवलं. "हळू बोला, नथूभाऊ. जेवतेय ती."

मी चहा तसाच टाकून उठलो. त्या घरात मी पुन्हा गेलो नाही, नंतर मास्तर फार दिवस नव्हतेही. दाराबाहेर चपला घालताना वळून पाहिलं, तर ते चमच्याने साखर घालत होते आणि ती वाटीवर वाकून, अजून, आजोबा, थोडी और, म्हणत होती.